फोटोतल्या नऊ जणी

खो-खोची जिल्हा ढाल आम्ही आयुष्यात एकदाच जिंकली आणि तिचे सगळे भोग पुढच्या वर्षी भोगले. कुणी भेटलं की मला त्या जिंकलेल्या वर्षाबद्दल विचारतं. पण खरं सांगायचं तर त्या वर्षाचं सांगण्यासारखं माझ्याकडे फार काही नाही. सगळं नीट जमून आलं, आम्ही जिंकलो, ढाल घेऊन ट्रकमधून ओरडत घरी आलो, संपलं. हरलेलं वर्ष मात्र मला पानापानाने आठवतं. त्या वर्षी आम्ही इतक्या वेगवेगळ्या प्रकारांनी हरलो, इतक्या लग्नांत जेवलो आणि इतकं हसलो की आता साठी उलटल्यावर डोळे मिटले की तेच वर्ष आधी पुढे येतं.

आमचं घर सक्करदऱ्याच्या पलीकडे, पिठाच्या चक्कीला लागून. दोन खोल्या आणि मागे मोरी. मधली भिंत आमची आणि चक्कीची सामाईक. सकाळी चक्कीचा पट्टा सुरू झाला की ती भिंत थरथरायची आणि फळीवरचे पितळी डबे एकमेकांना लागून किणकिणायचे. आईने कितीही पुसलं तरी सगळ्यावर पिठाची पातळ साय असायची, देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णावरसुद्धा. त्या आवाजात बोलायचं म्हणजे ओरडायचं, त्यामुळे आमच्या घरात हळू बोलायची पद्धतच पडली नाही. बाबा हिंगण्याच्या एका कंपनीत पाळीवर जायचे. कंपनीची बस कोपऱ्यावर हॉर्न द्यायची तेव्हा ते निम्मा चहा बशीत आणि निम्मा पोटात अशा अवस्थेत पायात चपला सरकवत असायचे. आई त्यांच्या पाठीमागे डबा घेऊन ओरडत जायची आणि ते पुढून ओरडत उत्तर द्यायचे. नव्या माणसाला वाटावं की इथे रोज भांडण होतं. आजही मी फोनवर बोलायला लागले की माझी सून शेजारच्या खोलीत जाऊन दार लावते आणि तरीही तिला सगळं ऐकू येतं. आता त्याच हिंगण्याच्या बाजूला मेट्रो जाते. मी एकदा हौसेने तिच्यात बसले आणि शेजारच्या बाईंशी बोलले, तर सगळा डबा वळून बघायला लागला.

कुसुमताई माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. दोघी बहिणी एकाच संघात, पण तिच्या पळण्यात आणि माझ्या पळण्यात जमीन-अस्मानाचं अंतर. मी नुसती धावायची. ताई समोरच्या मुलीला हुलकावणी द्यायची, खांद्याने एक सांगायची आणि पायाने दुसरं करायची. पाठलाग करणारी पोरगी खांबाजवळ तोंडावर आपटली की ताई तिच्याकडे बघून गोड हसायची, आणि त्या हसण्यानेच समोरचा संघ अर्धा चिडून जायचा. संध्याकाळी मैदानावरून आलो की आई भिजवलेले हरभरे आणि गुळाचा खडा हातावर ठेवायची. नंतर ज्वारीची भाकर, चून म्हणजे आमच्याकडचं पिठलं, कांदा आणि तेल घातलेला ठेचा. दूध परवडायचं नाही आणि आवडायचंही नाही. ताई जेवता जेवता पाटावर बोटाने चौकोन काढून मला कुठे चुकलीस ते दाखवायची, आणि आई दोघींच्या हातावर पळी मारून म्हणायची की आधी गिळा.

आमचं पिंपळपार क्रीडा मंडळ. पिंपळ होता, पारही होता, आणि मागे शाळेच्या भिंतीपर्यंत मैदान. मुलांचं व्हॉलीबॉल आणि मुलींचं खो-खो. आम्हाला शिकवायचे लांजेवार सर, शाळेतले खेळाचे मास्तर, काटकुळे, पांढरी पँट, गळ्यात शिट्टी. नियमांच्या बाबतीत माणूस भलताच कडक. खो मिळाल्यावर पाऊल जरा भलतीकडे पडलं की शिट्टी. सरावातसुद्धा शिट्टी, पावसात चिखलावरून पाय घसरला तरी शिट्टी. आम्ही म्हणायचो की सरांच्या घरी पोळी करपली तरी ते शिट्टी वाजवत असतील. ढाल जिंकली त्या दिवशी मात्र ते पारावर बसून पोरासारखे रडले आणि मग एकदम म्हणाले, की आपण सगळ्यांचा फोटो काढू.

त्या फोटोने आमचा घात केला. खरं तर सरांना संघाचा फोटो खेळाच्या कपड्यांत काढायचा होता. पण मंडळाचे अध्यक्ष बाबाराव म्हणाले की अर्ध्या चड्डीतला फोटो चारचौघांत लावता येणार नाही, पोरींना साड्या नेसवा. मग कुणी आईची, कुणी वहिनीची अशी जरीकाठी साडी नेसून, केसात अबोली माळून आम्ही महाल भागातल्या एका स्टुडिओत गेलो. तिथला मागचा पडदा इतका अरुंद की त्याच्यापुढे नऊच जणी मावत होत्या. राखीव खेळाडू तिघी होत्या, त्यांना सरांनी बाजूला केलं. त्या तिघी इतक्या रुसल्या की येताना आमच्यासोबत न येता मुद्दाम दुसऱ्या रस्त्याने घरी गेल्या. फोटोग्राफर म्हणाला, हलू नका. नेमकी त्याच वेळी माझ्याशेजारच्या पुष्पाने मला चिमटा काढला. फोटो आला तेव्हा आठ जणी लक्ष्मीच्या मूर्तीसारख्या आणि नवव्या जागी साडीवर एक धुरकट गोळा. तो गोळा म्हणजे मी. ताई आठवडाभर हसत होती.

फोटोग्राफरला मात्र तो फोटो इतका आवडला की त्याने मोठा करून दर्शनी कपाटात लावला. आता त्या स्टुडिओत कोण यायचं? लग्नाचे अल्बम न्यायला माणसं यायची. म्हणजे ज्यांच्या घरात एक लग्न नुकतंच झालेलं आणि दुसरा मुलगा लग्नाचा, अशी माणसं. काचेसमोर उभं राहून एखादी बाई बोट दाखवायची, डावीकडून तिसरी कोण हो. आणि फोटोग्राफर भला माणूस, तो सांगायचा की या पिंपळपारच्या मुली, लांजेवार सरांना विचारा. झालं. सरांच्या घरी रोज कुणी ना कुणी पाहुणे यायला लागले. सरांना आधी वाटलं खेळाची आवड वाढते आहे. ते पाहुण्यांना उत्साहाने सांगायचे की ही मुलगी चपळ आहे, हिचा दम चांगला, ही कधी आजारी पडत नाही, हिच्यात शिस्त आहे. सुनेचं आणखी काय गुणवर्णन करायचं? सर बोलून मोकळे व्हायचे आणि पाहुणे थेट मुलीच्या घरी जायचे.

वैशाखात तिघी सासरी गेल्या. तुळशीचं लग्न लागल्यावर दुसरी लाट आली. त्या वर्षी आमच्या संघाने सरावापेक्षा पंगती जास्त केल्या. पुष्पाच्या लग्नात मी इतका वडाभात खाल्ला की दुसऱ्या दिवशी मैदानावर मला खाली बसता येईना. सर शिट्टी तोंडात धरून नुसतेच उभे होते, वाजवावी कुणासाठी हे त्यांना कळत नव्हतं. स्पर्धा सुरू झाली तेव्हा आमच्याकडे गतवर्षीच्या विजेत्या म्हणून मान होता, पहिल्या सामन्याला आमच्यासाठी हार आणले होते, आणि हार घालून घ्यायला पुढे आलो त्या सहा जणी आणि इकडून तिकडून गोळा केलेल्या तिघी. त्या सहांमध्ये तिघी त्याच, फोटोतून वगळलेल्या. त्यांना कुणी पाहिलंच नव्हतं, म्हणून त्या शाबूत राहिल्या होत्या. आणि मी, कारण धुरकट गोळ्यासाठी कुणी स्थळ घेऊन येत नाही. खोटं कशाला बोलू, मला त्याचं थोडंही वाईट वाटलं नाही. मला फक्त खेळायचं होतं.

ताईचं लग्न नरखेडकडच्या संत्र्याच्या बगीचेवाल्यांकडे ठरलं होतं. मार्गशीर्षातला मुहूर्त. मधले सामने ती खेळू शकली असती, पण आईने ठाम सांगितलं की लग्न ठरलेल्या मुलीने ढोपर फोडून घेऊ नये, हळदीच्या दिवशी पाहुणे पायच बघतात. मग ताई साडी नेसून मैदानाच्या कडेला खुर्चीवर बसायची आणि आमचे टॉवेल सांभाळायची. कन्हानला सामना होता तेव्हा तिला आम्ही सोबत नेलं. कन्हानच्या त्या खाणीतल्या कामगारांच्या मुली, उंच, हातपाय लोखंडी. त्यांनी आम्हाला असं धुतलं की आमच्यातल्या एकीने मध्येच विचारलं, सर, आपण थांबायचं का. ताई खुर्चीवरून उठून साडीचा ओचा आवळत पुढे आली, मग तिला काय आठवलं कोण जाणे, परत जाऊन बसली. येताना एसटीत ती माझ्या शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होती. मी कितीही बडबड केली तरी ती नुसतं हूं म्हणत होती. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की हे हरणं आमच्यापेक्षा तिला जास्त लागतं आहे.

लग्न झालं, ताई गेली, आणि आम्ही हरत राहिलो. एक सामना मिळाला, तोसुद्धा समोरच्या संघाची गाडी बिघडली म्हणून. मग एके संध्याकाळी बाबाराव पारावर येऊन बसले. त्यांनी सरांना सांगितलं आणि सरांनी आम्हाला. कमिटीचं ठरलं होतं. गटात तळाला राहिलो तर मुलींचा विभाग बंद करायचा आणि संध्याकाळचं मैदान पोरांच्या व्हॉलीबॉलला द्यायचं. पोरी काय, आज आहेत आणि उद्या लग्न होऊन जातील, त्यांच्यावर मेहनत कोण वाया घालवणार, असं बाबाराव म्हणाले होते. आता उरला होता एकच सामना, कन्हानशीच, आमच्या मैदानावर. तो निदान बरोबरीत सुटला तरी त्या एका गुणावर आम्ही तळातून वर येणार होतो. पण आणखी दोघींची स्थळं पक्की झाली होती, गोळा केलेल्यांपैकी एकीचा पाय मुरगळला होता. म्हणजे आम्ही सहा जणी. नऊ नसतील तर कन्हानसारख्यांपुढे उभं राहण्यात काही अर्थच नव्हता. मला वीस वर्षं पूर्ण झाली नव्हती आणि खो-खो सोडून माझं म्हणावं असं माझ्याकडे काही नव्हतं. कॉलेज जेमतेम, रूप बेताचं, स्वयंपाकात हात जड. मैदान गेलं तर संध्याकाळी पाचला मी काय करणार, हा प्रश्न मला रडवायचा.

संक्रांत आली आणि लग्न झालेल्या मुली पहिल्या सणाला माहेरी आल्या. ताई आली, पुष्पा आली, आणखी एक जण आली. हातभर हिरव्या बांगड्या, नव्या काळ्या साड्या, सासरच्या गोष्टी. तिघी आणि आम्ही सहा म्हणजे बरोबर नऊ. हा हिशेब माझ्या मनात येऊन गेला, पण बोलायची सोय नव्हती. कारण ज्या रविवारी सामना, त्याच रविवारी दुपारी आमच्याकडे ताईचं पहिलं हळदीकुंकू होतं. ताईच्या सासूबाई त्यासाठी नरखेडहून मुद्दाम येणार होत्या आणि दुसऱ्या दिवशी ताईला घेऊन जाणार होत्या. दिवस बदलायचा प्रश्नच नव्हता. म्हणून मी बोलणंच बंद केलं. चक्कीच्या आवाजात ते कुणाच्या लक्षात आलं नाही. दोन दिवसांनी दुपारी वीज गेली, चक्की थांबली, आणि घरात अशी शांतता पसरली की आई तिळगुळाचा पाक ढवळता ढवळता दचकली.

"काहून वं नलू," ती म्हणाली, "आवाज काहून नाही तुहा? बरं वाटून नाही राहिलं काय?"

मी सगळं सांगितलं. सांगता सांगता रडले. ताई दारात उभी राहून ऐकत होती. आई पाक ढवळत राहिली, मग कढई खाली उतरवली. "म्हणजे हळदीकुंकू आडवं येऊन राहिलं," ती म्हणाली. "मग हळदीकुंकूच मैदानात नेऊ. कुंकवाले घर लागते असं कुठं आहे?"

आईचा स्वभाव असा की एकदा मनात आलं की ती पुढचं मागचं बघत नसे. ती तशीच, हाताला गूळ लागलेला, बाबारावांच्या घरी गेली, मंडळाच्या सतरंज्या मागायला. बाबारावांच्या मिसेस शांताकाकू, त्यांचंही हळदीकुंकू त्याच आठवड्यात व्हायचं होतं. त्या म्हणाल्या, माझंही तिथेच उरकून घेते, दोनदा चहा कुठे करत बसू. बाबाराव आत पेपर वाचत होते. त्यांना वाटलं सतरंज्या घरात घालायच्या आहेत.

त्या रविवारी आमच्या मैदानावर जे दृश्य होतं ते पुन्हा कधी दिसलं नाही. एरवी आमचे सामने बघायला चार पोट्टे आणि एक कुत्रं. त्या दिवशी पिंपळाखाली सतरंज्यांवर अख्खी वस्ती, नटूनथटून आलेल्या बायका, अत्तराचा आणि तिळाचा वास, वाणाला आणलेल्या चहाच्या गाळण्यांची चळत. कन्हानच्या मुली आल्या तर आईने त्यांनाही बोलावून कुंकू लावलं, हातावर तिळगूळ ठेवला आणि गोड बोला म्हणाली. त्या बिचाऱ्या गोंधळून गेल्या. पंच म्हणाले, बांगड्या काढाव्या लागतील. नव्या नवरीने हातातला चुडा उतरवायचा ही गोष्ट पिंपळाखालच्या एकाही बाईला मान्य होणार नव्हती, आणि तसं त्यांनी पंचांना एकदमच ऐकवलं. शेवटी आईने बाबांचं जुनं धोतर फाडलं, पट्ट्या केल्या आणि तिघींच्या हातांवर कोपरापर्यंत गुंडाळल्या. मंगळसूत्रं शर्टाच्या आत. सलवारीवर मंडळाचा शर्ट घालून ताई मैदानात उतरली तेव्हा ती अपघातातून उठून आल्यासारखी दिसत होती. सरांनी तिच्याकडे बघून फक्त मान हलवली.

सामना मी सगळा सांगत बसत नाही. दोन महिने न पळालेल्या तिघी, पोटात तिळगूळ, आणि तरी आम्ही कन्हानला धरून ठेवलं. बायका आधी गप्पांत होत्या, मग एकेक करून गप्प झाल्या, मग ओरडायला लागल्या. शेवटच्या डावात त्यांचा पाठलाग, आमचा बचाव. गुण बरोबरीत. आमच्या शेवटच्या तुकडीतल्या दोघी बाद झाल्या आणि ताई एकटी उरली. घड्याळ जवळजवळ संपलेलं. तेवढा वेळ ती टिकली की बरोबरी, म्हणजे विभाग वाचला. मी रेषेबाहेर उभी होते. ताई पळत होती तशी ती त्याआधी कधी पळाली नव्हती. खांद्याने एक सांगत होती, पायाने दुसरं करत होती, कन्हानची ती उंच मुलगी दोनदा हवेत झेपावून मातीत पडली. ताई हसली, ते आपलं जुनं हसू. मला वाटलं, झालं, वाचलो.

तेवढ्यात शाळेच्या भिंतीच्या बाजूने एक सायकलरिक्षा आली. तिच्यात संत्र्यांचं पोतं आणि पोत्याशेजारी ताठ बसलेल्या ताईच्या सासूबाई. त्या घरी गेल्या होत्या, घराला कुलूप, चक्कीवाल्याने ओरडून मैदानाची वाट दाखवली होती. ताईचं त्यांच्याकडे लक्ष गेलं. महिना-दीड महिना सासरी लागलेली सवय. सासूबाई दिसल्याबरोबर तिचा हात डोक्यावरचा पदर सारखा करायला वर गेला. पदर कुठला, शर्ट होता. पण हात वर गेला, पाय थबकला, आणि मागून कन्हानच्या मुलीने तिच्या पाठीला हात लावला. पंचांची शिट्टी वाजली. सगळ्या मैदानाने पाहिलं काय झालं ते, आणि एकाही बाईला ते समजावून सांगावं लागलं नाही.

ताई तिथेच मातीत बसली. मी तिच्याजवळ गेले तर ती म्हणाली, "नलू, मी मुद्दाम नाही केलं वं." एवढंच. मी तिच्या हातावरच्या पट्ट्या सोडत बसले कारण दुसरं काय करावं ते मला सुचेना. आम्ही आजही फोनवर बोलतो, ती नरखेडला, मी इथे. दोघींचे गुडघे गेलेले. तो हात वर गेला त्याबद्दल आम्ही दोघी आता पोट धरून हसतो. त्या दिवशी हसू आलं नव्हतं.

बाबाराव पाराजवळ उभे होते. माणूस वाईट नव्हता, ठरल्याप्रमाणे वागणारा होता. ते सरांना हळूच म्हणाले की वाईट वाटतं, पण कमिटीचं ठरलंय. सर हो म्हणाले. इकडे आईने डोळे पुसून विहीणबाईंना सतरंजीवर बसवलं होतं, कारण पाहुणी ती पाहुणी. विहीणबाई उंच, सावळ्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्यांनी शेजारच्या बाईला विचारलं, ही सगळी काहून रडून राहिली. बाईने सांगितलं. विभागाचं, मैदानाचं, सगळं सांगितलं. विहीणबाई ऐकत राहिल्या. शांताकाकूंनी त्यांना हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि वाणाचं गाळणं पुढे केलं. त्यांनी हात मागे घेतला.

"हे वाण मले नको," त्या म्हणाल्या. संक्रांतीचं वाण, तेही मुलीच्या सासूने नाकारायचं, म्हणजे काय घोटाळा झाला कुणाला कळेना. आईचा चेहरा उतरला. "पोरगी माह्याकडं पाहून बाद झाली. मी घंटाभर उशिरा आली असती तं हे झालंच नसतं. तुम्हाले मले वाण द्यायचंच असन, तं या पोरीयचा खेळ चालू ठेवा. तेच वाण द्या."

शांताकाकूंनी नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गाळणं खाली ठेवून म्हणाल्या, "दिलं." मग त्या बाबारावांकडे वळल्या आणि साध्या आवाजात विचारलं, "विहीणबाईचं वाण परत घेता येते काय?" बाबारावांनी साठ बायकांकडे पाहिलं, पिंपळाकडे पाहिलं. मी त्यांना त्याआधी आणि त्यानंतर इतक्या लवकर निर्णय घेताना पाहिलं नाही. ते म्हणाले, पोरांना सकाळची वेळ देऊ.

लगेच पोतं सुटलं, संत्री वाटली गेली, कन्हानच्या मुली सालं एकमेकींच्या डोळ्यांत पिळायला लागल्या. विहीणबाईंनी ताईला जवळ बोलावून तिच्या केसातली माती झटकली. म्हणाल्या, आमच्या बगीच्यात असं कुणी धावणारं असतं तर एक वानर टिकलं नसतं. सगळ्या हसल्या, ताईही हसली. मग त्याच सुरात त्यांनी सांगितलं, "पण सून मले उद्याच पायजे. पहिल्या गाडीनं निघू." त्यात राग नव्हता, आणि त्यात बदलही होणार नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि बाबा त्यांना एसटीवर सोडायला गेलो. ताईने पदर नीट डोक्यावर घेतला होता. गाडी हलली तेव्हा तिने खिडकीतून माझा हात धरून दाबला. ती त्यानंतर कधीही मैदानात उतरली नाही. इतरांचा खेळ वाचला आणि तिचा गेला, हे मला त्या गाडीच्या मागे उभं असताना पूर्ण समजलं, आणि मला त्याचा राग आला. तो राग अजून थोडा आहे. विहीणबाईंवर मात्र नाही, त्यांच्यावर मला कधी रागावताच आलं नाही.

संध्याकाळी मी मैदानावर जाणार नव्हते. विभाग वाचला तरी मुली कुठे होत्या? पुष्पाही त्याच दुपारी जाणार होती. पण पाच वाजले आणि पाय आपोआप निघाले. पाहते तर पारापाशी कालच्या बायकांची अर्धी वस्ती, आणि प्रत्येकीच्या हाताला धरलेली एक मुलगी. कुणी फ्रॉकमधली, कुणी परकरातली, एक तर शाळेच्या दप्तरासकट. शांताकाकूंनी आपल्या धाकट्या लेकीला सरांपुढे ढकललं आणि सांगितलं की हिले घ्या, फक्त तेवढा फोटो काढू नका. सरांनी मान खाली घालून हो म्हटलं. त्यांनी चुन्याने चौकोन आखले, मुलींना एकीआड एक उलट दिशेला तोंड करून बसवलं आणि मला म्हणाले, तू कर पाठलाग, दाखव यांना. मी दोन फेऱ्या मारल्या आणि शांताकाकूंच्या लेकीच्या पाठीवर हात ठेवून खो म्हटलं. ती अशी दचकली की ताडकन उठली आणि भलत्याच बाजूला पळत सुटली. चौकोन सोडून, रेषा ओलांडून, खांबाच्या पलीकडे, शाळेच्या भिंतीकडे, दोन्ही वेण्या उडवत, आणि पळता पळता खिदळत होती. मी सवयीने सरांकडे पाहिलं. शिट्टी त्यांच्या ओठांत होती. ती त्यांनी काढून हातात धरली.

"पळू दे," ते म्हणाले.